माळवदाचे ओझे आणि साण्याचे झाकण

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा इतिहास लिहायला घेतला की कंधार, उदगीर, औशाचे किल्ले येतात, गोदावरीकाठचा गुरुद्वारा येतो, निजामाची राजवट येते. ज्या छताखाली इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या झोपली, त्या छताला मात्र दोन ओळीही मिळत नाहीत. मिळाल्याच तर त्या 1993 च्या भूकंपाच्या प्रकरणात मिळतात, आणि तिथे हे मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद, आरोपी म्हणून उभे असते. हा आरोप खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. पण तो अर्धा तपासला गेला, आणि निकाल मात्र पुरा लागला. माळवदाचे वजन आणि माळवदाचा गारवा या दोन गोष्टी एकच आहेत असे त्या वेळी बहुतेकांनी गृहीत धरले, म्हणून ओझे उतरवताना गारवाही फेकून दिला गेला. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत होत्या. गारव्याला लागते त्याहून कितीतरी जास्त माती छतावर चढली होती, आणि ती चढण्याचे कारण उष्णतेशी संबंधित नव्हते. शिवाय छत गार ठेवण्याचे काम निव्वळ मातीच्या थरावर अवलंबून नसते. छताला पाडलेले भोक किती मोठे आहे, ते कधी उघडे असते आणि मिटल्यावर खरोखर मिटते का, यावरही ते ठरते. जुन्या गवंड्या-सुतारांना हे ठाऊक होते. आजच्या स्लॅबच्या घरात जिन्यावरचे लोखंडी झाकण बसवणाऱ्याला ते कुणी सांगितलेले नाही.

आधी हे छत होते कसे ते पाहू. घर खणांवर मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि सात खणांचे, बारा खणांचे असा घराचा दर्जा ठरे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर ऐपतीप्रमाणे सागवानी फळ्या नाहीतर नुसत्या फोडलेल्या लाकडाच्या चिपा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या जंगलाचा साग जवळ असल्यामुळे बऱ्या घरांना कडीपाट परवडे. गरिबाच्या घरावर बाभळ आणि लिंब असे. फळ्यांच्या वर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा चिपाडांचा थर, त्यावर वाळवी लागू नये म्हणून लिंबाचा पाला, आणि मग माती. ही माती शेतातली काळी नसे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि भेगाळलेले छत पहिल्याच पावसात गळते. म्हणून गावठाणाची पांढरी माती घेत, आणि सगळ्यात वर खारी माती पसरत. खाऱ्या मातीतल्या क्षारांमुळे चिकणमातीचे बारीक कण पाण्यात सुटे होतात आणि खालच्या फटींत जाऊन बसतात. पाऊस पडला की असा थर स्वतःच स्वतःला बुजवतो. मृदाशास्त्राने हे नंतर समजावून सांगितले, मराठवाड्यातले शेतकरी ते त्याआधीपासून वापरत होते. छताला किंचित उतार, कडेला पन्हळ, आणि मृगाआधी दरवर्षी नवी माती टाकून ती चोपून घ्यायची, असा शिरस्ता होता.

या छताखालच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नसत. चोरा-दरोडेखोरांचे भय हे एक कारण, आणि दोन-तीन फूट जाड दगडी भिंतीत भगदाड ठेवणे अवघड हे दुसरे. मग उजेड आणि धूर यांची सोय वरून करत: माळवदाला वीत-दीड वीत रुंदीचे भोक ठेवत. त्याला कुणी साणे म्हणते, कुणी सवणे. पावसाची सर आली की घरातले एखादे पोर माळवदावर धावे आणि साण्यावर फरशी किंवा पालथी पाटी ठेवून येई. इथे एक आक्षेप आधीच ऐकून घेतला पाहिजे. साणे उजेडासाठी होते, झाकण पावसासाठी होते. त्यात उष्णतेचा विचार शोधणे म्हणजे पूर्वजांच्या तोंडी आपले शब्द घालणे नव्हे काय? साण्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. दिवसा उजेड हवा म्हणून साणे उघडेच राहत असणार, आणि ते लहान ठेवणे एवढीच त्यामागची शिस्त होती. पण त्याच छताला दुसऱ्या जातीचे एक भोक असे, आणि तिथे हा आक्षेप टिकत नाही. ते भोक बळदाचे.

बळद म्हणजे वाड्याच्या पोटात बांधलेली, खिडकी-दार नसलेली धान्याची कोठी. ज्वारी वरून, माळवदावरच्या तोंडातून ओतायची. काढायची ती तळाशी ठेवलेल्या छोट्या तोंडातून. भरून झाले की वरच्या तोंडावर फरशी बसवून तिच्या कडा चिखलाने लिंपून टाकत. तिथे ना उजेड हवा होता ना वारा. हवा शिरली की किडा शिरतो, दमट वारा शिरला की दाणा कुजतो, हे जाणून केलेले ते काम होते. जमिनीतले पेव हा त्याचाच मोठा भाऊ. पेवाचे तोंड दगड-मातीने इतके घट्ट मिटत की आतल्या धान्याच्या श्वासाने प्राणवायू संपून जाई आणि किडे मरत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणाऱ्या माणसाचाही त्यात जीव गेल्याच्या घटना घडत, म्हणून आधी तोंड उघडे टाकून ठेवायची रीत होती. सांगायचे ते हे की छताला पाडलेल्या भोकाला हवाबंद झाकण बसवण्याची विद्या या भागात होती. काही वाड्यांत माडीवर किंवा माळवदावर जाणारा जिना भिंतीच्या जाडीतच चढवलेला असे आणि त्याच्या डोक्यावर आडवी लाकडी झडप पडे. तिचा मुख्य हेतू रात्री चोराला वरून उतरू न देणे हा. जाड फळीची, चौकटीच्या खाचेत बसणारी ती झडप ऊन आणि वाराही अडवत असे. हेतू एक आणि गुण दुसरा, असे घरबांधणीत नेहमी घडते. गुण होता एवढे मला पुरते.

आता गारव्याचा हिशेब मांडतो, कारण याच ठिकाणी बोलणे सहसा आठवणींवर सोडून दिले जाते. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांच्या वर जातो. लातूर उंचावर असल्याने थोडे कमी तापते आणि तिथल्या रात्री निवतात. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास फरक पडणाऱ्या अशा हवेत छताने दोन कामे करायची असतात: उष्णता कमी आत सोडायची, आणि जी सोडायची ती उशिरा सोडायची. चोपलेली कोरडी माती काँक्रीटच्या निम्म्याने उष्णता वाहते, आणि जाड थर असला की ती वाट फार लांब होते. वरच्या आणि खालच्या तापमानात सारखाच फरक धरून ढोबळ गणित केले तर चार-साडेचार इंची उघड्या स्लॅबमधून जिथे शंभर भाग उष्णता आत येते, तिथे फळीवर वीतभर माती असलेल्या छतातून सुमारे चाळीस-बेचाळीस भाग येते, आणि तीन विती मातीच्या छतातून सुमारे पंचवीस. या तीन आकड्यांत माझा सगळा मुद्दा आहे. पहिल्या वितीने जवळजवळ साठ भाग वाचवले. पुढच्या दोन वितींनी मिळून वाचवले ते पंधरा-सतरा. उशिराचेही तसेच. स्लॅब दुपारचे ऊन सुमारे तीन तासांत खाली पोचवतो, म्हणजे चार वाजता, घरात माणसे असतानाच. वीतभर मातीतून त्याच उन्हाला यायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे संध्याकाळ होते, आणि तोवर घरचे लोक अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेले असत. तीन विती मातीत ही लाट जवळपास विरूनच जाते. ते सुख मोठे होते, पण त्याची किंमत आता पाहायची आहे.

घन मीटरभर चोपलेल्या मातीचे वजन सतराशे किलोच्या आसपास असते. तीन विती म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर माती असली तर दर चौरस मीटरला एक टनाहून जास्त ओझे. दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीवर दहा टनांच्या आसपास, तेही कोरड्या दिवसांत. पावसात भिजले की आणखी जास्त. त्याच खोलीवर साडेचार इंची स्लॅब घातला तर अडीच टन होतो. आणि वीतभरच माती ठेवली तर साडेतीन टन. म्हणजे गारव्याचा मोठा वाटा देणारे माळवद हे स्लॅबहून टनभरच जड होते. भयंकर जड झाले ते त्याच्यावर चढलेल्या थरांमुळे. हे थर का चढले? गळती थांबवण्यासाठी. दरवर्षी खारी माती वर टाकायची, पण जुनी, झिजलेली, क्षार वाहून गेलेली माती उतरवायचे काम मात्र कुणी करत नसे, कारण वर चढवलेली माती पुन्हा खाली आणणे म्हणजे दुप्पट मजुरी. एका वर्षी अर्धा इंच, पुढच्या वर्षी आणखी थोडे, असे होत आजोबांच्या काळी वीतभर असलेले माळवद नातवाच्या काळी कमरेला लागायच्या बेताला आले. उष्णतेसाठी कुणी एक टोपलीही वाढवली नव्हती. माळवदाचा विचार करताना हा फरक सुटला की सगळेच सुटते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी परिसरात जमीन हादरली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसले होते. पण देशाच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. धक्क्याची तीव्रता 6.2 ते 6.4 अशी मोजली गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत हा आकडा मध्यम ठरतो, पण केंद्र उथळ होते आणि घरे अशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. माणसे दगडाखाली आणि मातीखाली गुदमरून गेली. त्या पहाटेबद्दल बोलताना कोणतेही छत वाचवायची भाषा जपूनच केली पाहिजे, आणि मी ती जपून करतो आहे.

पण पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी जे नोंदवले ते नीट वाचले पाहिजे. पहिल्यांदा फुटल्या त्या भिंती. इथली भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण ती दोन वेगवेगळ्या पदरांची असे: बाहेरचा दगडांचा पदर, आतला दगडांचा पदर, आणि मध्ये चिखल व खड्यांची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेच नसे. कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसत. हादरा बसताच पदर सुटले आणि भिंत पोट फुगून कोसळली. जिथे छताचे सारे ओझे भिंतीवर होते तिथे छत तिच्याबरोबर आले. जिथे लाकडी खांब आणि तुळया खणाखणाने नीट जोडलेल्या होत्या, तिथे भिंती ढासळल्या तरी लाकडाचा सांगाडा आणि त्यावरचे माळवद अनेक ठिकाणी उभे राहिले. म्हणजे एकाच गावात, एकाच धक्क्यात, माळवद काही घरांत मारेकरी ठरले आणि काही घरांत खांबांवर तोलून राहिले. वजनाने हादऱ्याची ताकद वाढवली हे निर्विवाद आहे. जेवढे वस्तुमान वर, तेवढा धक्का मोठा. पण निकाल द्यायचा तर तो न सांधलेल्या भिंतीवर आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या मातीवर द्यायला हवा होता.

आश्चर्य म्हणजे कागदावर तो तसाच दिला गेला होता. जागतिक बँकेच्या मदतीने 1994 पासून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचे दोन अगदी वेगळे भाग होते. पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसवली गेली, आणि तेरा जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची आहे तिथेच दुरुस्ती-मजबुती करायचे ठरले. या दुसऱ्या भागाच्या तांत्रिक सूचना माळवद मोडा असे सांगत नव्हत्या. जादा माती उतरवा, थर वीस सेंटिमीटरच्या आसपास आणा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे खिळे घाला, खांब आणि तुळई यांच्या जोडावर तिरके आधार द्या, भिंतीच्या माथ्यावरून पट्टा फिरवा, असे त्या सांगत होत्या. वीस सेंटिमीटर म्हणजे आपली एक वीत! भूकंपाच्या शास्त्राने सुरक्षित म्हणून सांगितलेली जाडी आणि उष्णतेच्या हिशेबात सर्वाधिक कामाची ठरणारी जाडी एकच निघते. सुरक्षितता आणि गारवा यांत निवड करायची गरजच नव्हती, हे तेव्हाच लिहून ठेवलेले होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सरकारी सूचना घरापर्यंत आणि घराची अडचण सरकारपर्यंत पोचवण्याचे काम त्यांनी शेकडो गावांत केले. पुनर्वसनाच्या या भागाचे श्रेय त्या बायकांना मिळते त्याहून खूप जास्त मिळायला हवे.

तरीही लोकांच्या मनातून दगड-मातीचे घर उतरले ते उतरलेच. ज्याने आपल्या भिंतीखालून आपली माणसे काढली त्याला पुन्हा त्याच भिंतीआड झोप म्हणणारे आपण कोण? लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि पुढे मागणी आली ती स्लॅबची. नव्या गावांत जमिनीच्या मालकीप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे सरळ रेषेत उभी राहिली. रोहित जिज्ञासू यांनी 2002 साली नॉर्वेतल्या विद्यापीठात सादर केलेला प्रबंध नेपाळबरोबर मराठवाड्यातल्या याच गावांवर आहे. संकटात टिकून राहण्याचे स्थानिक ज्ञान पुनर्वसनाच्या घाईत कसे बाजूला पडते हा त्याचा विषय. वेगळा विचार झालाच नाही असे नाही. मल्याळा मनोरमा या वृत्तपत्राने उभ्या केलेल्या बाणेगावच्या कामात वास्तुविशारद लॉरी बेकर यांचे मार्गदर्शन होते, आणि स्थानिक साहित्यात, कमी सिमेंटमध्ये, हवेचा विचार करून घर बांधावे हे बेकर यांनी आयुष्यभर करून दाखवले. पण एखाद-दुसऱ्या गावाने प्रथा बनत नाही. प्रथा बनली ती उघड्या स्लॅबची आणि उघड्या पत्र्याची, आणि ती भूकंपाच्या पट्ट्यापुरती थांबली नाही. नांदेड जिल्ह्यात जिथे एक भिंतही पडली नव्हती तिथेही माळवदे उतरली.

इथे सर्वात वजनदार आक्षेप येतो, आणि तो भूकंपाचा नाही. माळवद गेले ते बरेच झाले, असे म्हणणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि त्यांचे कारण खरे आहे. दरवर्षी माती वाहायची त्यांनी, सारवायचे त्यांनी, फळ्यांच्या फटींतून अन्नात पडणारी माती झाडायची त्यांनी, विंचू-सापाचे भय रात्रभर बाळगायचे त्यांनी. श्रावणझडीत गळणाऱ्या माळवदाखाली चूल पेटवणे काय असते हे गारव्याचे गुणगान करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून मी माळवदाकडे परत जा असे म्हणत नाही. लाकूडही आता त्या भावात मिळणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की छतावर उष्णता अडवणारा एक थर हवा आणि त्या थराला पाडलेल्या प्रत्येक भोकाला तसेच झाकण हवे, हे तत्त्व मातीशिवायही पाळता येते. लोकांच्या हातांनी ते सोडलेलेही नाही. मार्च उजाडला की पत्र्यावर कडबा, तुराट्या, उसाचे पाचट पसरलेले गावोगाव दिसते. कुणी चुना मारतो, कुणी हिरवी जाळी बांधतो. ठिणगी पडली तर कडबा पेटतो हे माहीत असूनही लोक तो टाकतात, यावरून गरज किती तीव्र आहे ते कळावे.

दुसरा आक्षेप शहरी आहे: पंखा आहे, कूलर आहे, मग छताची चिंता कशाला? तापलेल्या स्लॅबखालचा पंखा तापलेलीच हवा फिरवतो. कूलर चालतो, पण तो पाण्यावर चालतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. प्यायच्या पाण्यासाठी ज्या शहरात घागरींच्या रांगा लागल्या, त्याच शहराने घर गार करायला रोज बादल्यांनी पाणी उडवावे, ही योजना टिकणारी नाही. केंद्र सरकारची 2018 सालची इको निवास संहिता निवासी छतासाठी उष्णता वाहण्याची जी कमाल मर्यादा सांगते, तिच्या जवळपास तिप्पट उष्णता उघडा स्लॅब आत सोडतो. तीन विती मातीचे जुने माळवद त्या मर्यादेत आरामात बसले असते. वीतभराचे थोडक्यात हुकले असते. आणि स्लॅब गळू लागला की आज आपण काय करतो? त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो, काही वर्षांनी त्यावर आणखी एक थर, मग फरशी. गळतीसाठी वजन चढवत जाण्याची ती जुनी खोड आपण काँक्रीटवरही चालू ठेवली आहे, आणि 2002 च्या सुधारित नकाशाने तर लातूर परिसर तिसऱ्या भूकंप विभागात घातला होता. थर घालायचा तर हलका घालावा: थर्माकोलचे किंवा फोमचे तक्ते आणि त्यावर पातळ फरशी, नाहीतर निदान पांढरा रंग.

छताचे झाकण हे प्रकरण सगळ्यात दुर्लक्षित आहे. लहान घरात जिन्याच्या खोलीचा खर्च टाळून स्लॅबला अडीच बाय अडीच फुटांचे भोक ठेवतात, लोखंडी शिडी लावतात आणि वर पत्र्याचे झाकण. छत उघडेच असेल तर या झाकणाचा वाटा दहाव्या हिश्शाचा, म्हणून आधी छत सुधारावे हे खरे. पण छत जुन्या माळवदाइतके चांगले केले आणि झाकण तसेच ठेवले, तर दहा बाय दहाच्या खोलीत ते सहा चौरस फूट लोखंड उरलेल्या सगळ्या छताच्या चाळीस टक्के उष्णता एकटे आत आणते. त्यात फटींची हवा मोजलेली नाही. थंड देशांत घरातली ऊबदार हवा वरच्या फटींतून निसटते म्हणून माळ्याच्या झडपा घट्ट करतात. आपल्याकडे दुपारी उलटे होते. घरातली गार हवा जड असते, ती दाराच्या उंबऱ्यावरून बाहेर वाहते, आणि तिच्या जागी छताच्या फटीतून तापलेली हवा खाली ओढली जाते. रात्री आत गरम आणि बाहेर गार झाले की प्रवाह फिरतो आणि तेच भोक धुराड्याचे काम करते. म्हणून इथल्या झडपेला दोन्ही कामे नीट यायला हवीत: दिवसा बळदाच्या तोंडासारखी मिटायची, रात्री साण्यासारखी उघडायची.

अशी झडप बनवायला गावचा सुतार पुरतो. भोकाच्या चारी बाजूंनी सहा इंच उंच काँक्रीटची कड घ्यावी म्हणजे छतावरचे पाणी आत येत नाही. कडेच्या माथ्यावर सागाची किंवा लोखंडी अँगलची सपाट चौकट, चारी कोपरे एका पातळीत. इथे सूतभर वाकडेपणा राहिला तरी फट राहते. झडपेसाठी पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायचे दोन बारा मिलिमीटरचे तक्ते आणि मध्ये दोन इंच थर्माकोल, कडेने लाकडी पट्ट्या मारून पूर्ण बंद, कारण थर्माकोल पेट घेतो आणि उंदीर ते कुरतडतात. चूल थेट खाली असेल तर ते वापरूच नये. वरून पत्र्याची टोपी, कडेच्या बाहेर दोन इंच खाली उतरणारी आणि पांढरी रंगवलेली. झडप आणि चौकट यांच्यामध्ये गाडीच्या दाराला असते तशी पोकळ रबरी पट्टी सलग फिरवावी, कोपऱ्यात न तोडता. एका बाजूला तीन बिजागऱ्या, समोरच्या बाजूला दोन कड्या, अशा की लावताना झडप रबरावर दाबली जाईल. कड्या आतून, हात पोचेल अशा आणि अंधारात सापडतील अशा ठिकाणी. वाऱ्याने आपटू नये म्हणून साखळी. एवढ्याने त्या भोकातून येणारी उष्णता पत्र्याच्या झाकणाच्या नवव्या हिश्शावर येते, आणि झडपेचे सारे वजन एका माणसाला एका हाताने उचलता येईल इतके राहते. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत ती लावावी आणि संध्याकाळी बाहेरचा वारा आतल्याहून गार लागू लागला की उघडावी. रबरी पट्टी उन्हाने कडक होते. दरवर्षी मृगाआधी, जेव्हा माळवदावर माती पडत असे त्याच दिवसांत, ती तपासून हवी तर बदलावी, आणि नवी लावताना जुनी काढून टाकावी.